नोव्हेंबरच्या कॉन्टेस्टआधी स्किमरची तयारी

नोव्हेंबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची (हॅम) सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सची, स्पर्धा. आपल्या घड्याळाप्रमाणे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. ते ४८ तास जगभरचे स्किमर, म्हणजे मोर्स आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर जोडलेले रिसीव्हर, बँड ऐकत बसतात आणि कोण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे याची खबर रिव्हर्स बीकन नेटवर्कवर टाकत राहतात. मराठवाड्यातून तुमचा रिसीव्हर त्यात उतरवायचा असेल तर तयारीला पंधरा दिवस आधी लागा. चुकीचे दहा स्पॉट (म्हणजे अशा खबरा) टाकण्यापेक्षा खरा एक टाकलेला बरा, असं माझं मत आहे. चुकीच्या कॉल साईनच्या (स्टेशनच्या ओळख-नावाच्या) मागे कितीतरी ऑपरेटर धावतात आणि मग शिव्या घालतात.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका. रिसीव्हर आणि लॅपटॉप बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच पाडा आणि वॉटरफॉलकडे, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्राकडे, बघा. मग एकेक वस्तू चालू करत जा: एलईडी बल्ब, चार्जर, सेट टॉप बॉक्स, सोलरचा इन्व्हर्टर. रेघा कशाने उमटल्या ते लगेच कळतं. दोषी चार्जर फेकून द्या, बाकीच्यांच्या वायरला फेराइट (खरखर अडवणारं कडं) घाला.

घर शांत झालं तरी शिवार शांत नसतं. नोव्हेंबरात हरभरा-गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या सुरू असतात आणि थ्री फेज कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यामुळे एकाच वेळी तपासून भागत नाही. मोटारी चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा नॉइज फ्लोअर (खरखरीची पातळी) लिहून ठेवा. खरा त्रास मात्र झटका मशीनचा. रानडुकरं आणि रोह्यांसाठी बांधावर तार लावलेली असते, तिच्यात सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका जातो. तार गवताला टेकली किंवा इन्सुलेटर तडकला की ठिणगी उडते आणि ती आपल्या अँटेनापर्यंत पोचते. डीकोडरला ते टिंब वाटतं. मोर्समध्ये एक टिंब म्हणजे ई, म्हणून पडद्यावर रिकाम्या जागी ई ई ई अशी रांग लागते. तेवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण व्ही म्हणजे तीन टिंबं आणि एक रेघ. तोच ठोका नेमका त्याच्या सुरुवातीला चिकटला की चार टिंबं आणि रेघ, म्हणजे आकडा ४ होतो. व्हीयू२चं ४यू२ झालं आणि भारतातलं स्टेशन संयुक्त राष्ट्रांच्या नावावर गेलं! उलट सिग्नल क्षणभर बुडून एक टिंब गळलं तर व्हीचा यू होतो, आणि यूयू२ म्हणजे युक्रेन. दोन्ही कॉल साईन साच्यात बसतात, म्हणून सॉफ्टवेअरला संशय येत नाही. शेजाऱ्याला जाऊन सांगा, 'दादा, तुमच्या तारेला गवत लागलंय, बॅटरी फुकट उतरतीय.' त्याचंही भलं होतं, गवत त्याच दिवशी निघतं.

अँटेना घरापासून जमेल तितकी लांब आणि कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) खरखर अडवणारा चोक, एवढं पुरे. पण मोठी अँटेना लावली म्हणून जास्त ऐकू येईलच असं नाही. संध्याकाळी ७.२ मेगाहर्ट्झच्या वर ब्रॉडकास्ट स्टेशनं दणकून येतात, आणि जवळपास आकाशवाणीचं मध्यम लहरींचं केंद्र असलं तर विचारूच नका. एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) ओव्हरलोड झाला की नसलेली स्टेशनं दिसू लागतात, ३.५१० वरचा माणूस ७.०२० वरही उमटतो. मध्यम लहरी अडवणारा हाय पास फिल्टर लावा, सिग्नल दाबणारा ॲटेन्युएटर हाताशी ठेवा आणि गेन कमी करायला लाजू नका.

आता फ्रिक्वेन्सी. रिसीव्हर अर्धा-एक तास तापू द्या, मग १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन लावा. ते ४० हर्ट्झ बाजूला दिसलं तर तुमचा क्रिस्टल (रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) दहा लाखांत ४ भाग चुकतोय, आणि तीच चूक २८ मेगाहर्ट्झवर ११२ हर्ट्झ होते. स्पॉट ०.१ किलोहर्ट्झपर्यंत लिहिला जातो, म्हणजे ती सरळ दिसणार. दुरुस्तीचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा आणि दुपारी व पहाटे पुन्हा तपासा. पत्र्याच्या खोलीत दुपार-पहाटेचा फरक एवढा असतो की साधा क्रिस्टल सरकतोच. जुन्या मालवदाच्या घरात जाड मातीच्या भिंतीतला कोनाडा असेल तर रिसीव्हर तिथेच ठेवा, टीसीएक्सओचे (तापमानाने फारसा न सरकणाऱ्या क्रिस्टलचे) पैसे नंतर खर्च करा.

सगळं जुळल्यावर १४.१०० मेगाहर्ट्झवर बीकन, म्हणजे आपोआप बोलणारी चाचणीची स्टेशनं, ऐका. तिथे जगभरातली १८ बीकन पाळीपाळीने प्रत्येकी १० सेकंद बोलतात. श्रीलंकेचं ४एस७बी आपल्याला सगळ्यात जवळचं. कॉल साईननंतर चार लांब रेघा येतात, १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि ०.१ वॉटच्या. मोटारी बंद असताना किती रेघा ऐकू येतात आणि चालू झाल्यावर किती उरतात, ते मोजा. इतकी चांगली फुकट परीक्षा दुसरी नाही.

कॉल साईनची मास्टर फाइल (स्किमर जिच्याशी ताडून बघतो ती यादी) स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ताजी करा. ती मागच्या स्पर्धांच्या लॉगवरून बनते, म्हणून नेहमीचे खेळाडू तिच्यात असतात. पडताळणीची पातळी सैल ठेवू नका, पण सगळ्यात कडकही नको. आपल्याकडे एटी, एयू, ८टी अशी विशेष कॉल साईन निघतात आणि ती जुन्या फाइलमध्ये नसतात. तसंच एखादं क्षीण व्हीयू३ स्टेशन फक्त तुमच्याच स्किमरने टिपलं म्हणून ते खोटं ठरत नाही. ते पुन्हा सीक्यू (सगळ्यांना हाक) देतंय का, तसंच ऐकू येतंय का, ते पाहा. तीनदा तीच अक्षरं आली तर विश्वास ठेवा.

एफटी८ (संगणकाने पाठवायचा-वाचायचा डिजिटल प्रकार) पण टिपायचं असेल तर घड्याळ सेकंदाच्या आत अचूक बसवा; खेळ १५ सेकंदांच्या फेऱ्यांचा आहे. लाईट जाऊन आल्यावर जुन्या डेस्कटॉपची वेळ भरकटते, त्याचा सीएमओएस सेल आधीच बदला. एफटी८ला १४ बिटांची तपासणी असते, पण निव्वळ खरखरही १६,३८४ वेळांत एकदा तिच्यातून निसटू शकते. न पटणारा ग्रिड (जागा सांगणारा नकाशातल्या चौकोनाचा संकेत) दिसला की तो याच जातीचा समजा. स्वतःचा ग्रिडही नीट भरा: संभाजीनगर-जालन्याला एमके७९, बीडला एमके७८, लातूरला एमके८८, नांदेड-परभणी-हिंगोलीला एमके८९.

शुक्रवारी संध्याकाळी तासभर चालवून तुमचे स्पॉट इतर स्किमरशी ताडून बघा. सगळेच ०.१ने वर असतील तर क्रिस्टल. एखादाच वेगळा असेल तर तो माणूस सरकला असेल. घरच्यांना सांगून ठेवा की सोमवार उजाडेपर्यंत राउटरचा प्लग काढून तिथे मोबाईल लावायचा नाही.