योनाचं पुस्तक कसं वाचायचं

बायबलमधलं योना संदेष्ट्याचं हे पुस्तक वाचताना आधी त्याला गिळणारा मासा डोक्यातून काढा. अध्याय फक्त 4 आहेत, एका बैठकीत सगळे वाचून टाका. पहिल्यात नकाशा उघडून बघा, देव म्हणतो पूर्वेला निनवे शहरात जा आणि हा पठ्ठ्या याफो बंदरात जाऊन भाडं भरून पश्चिमेकडच्या तार्शीशच्या जहाजात चढतो, म्हणजे बरोब्बर उलटी दिशा, वर वादळात खुशाल झोपतो! दुसऱ्यातली प्रार्थना सावकाश वाचा. तिसरा, निनवेचे लोक पश्चात्ताप करतात तो, पटकन होतो. खरा वेळ चौथ्याला द्या, कारण देवाने निनवेचा नाश टाळला म्हणून योना चक्क चिडतो, का ते 4:2 मध्ये (अध्याय 4, वचन 2) तोच सांगतो, देव दयाळू आहे हे माहीत होतं म्हणूनच पळालो. मग योनाला सावली देणारा वेल, तो वेल कुरतडणारा किडा, आणि शेवटी देवाचा प्रश्न, 1,20,000 हून जास्त माणसं, शिवाय गुरंढोरं, त्यांची मी कीव नको करू? योनाचं उत्तर पुस्तकात नाहीच.