घाताचं रिकर्सिव्ह फंक्शन लिहिताना या चुका टाळा

पायथॉनमध्ये घात काढणारं रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा कॉल करणारं, फंक्शन जेमतेम पाच-सहा ओळींचं असतं, तरी दर बॅचला त्याच त्या चुका समोर येतात.

बेस केसमधून, म्हणजे घातांक ० झाल्यावर फंक्शन जिथे थांबतं तिथून, ० परत देऊ नका. शून्यावा घात १ असतो. ० दिलात की पुढचा सगळा गुणाकार शून्य.

'नन-टाइप'ला (म्हणजे काहीच परत न आलेल्या उत्तराला) गुणता येत नाही अशी एरर आली तर कुठेतरी रिटर्न राहिलंय. एरर न वाचताच ती गुगलवर टाकायची घाई कशाला? शेवटची ओळ नीट वाचा.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. आधी मूळ रीत: घातांक निम्मा करून आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा, आणि घातांक विषम असेल तर पायाने आणखी एकदा गुणायचं. २ च्या घातांसाठी प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाने छंदांच्या गणितात हीच रीत दिली आहे. एका विद्यार्थ्याने ती उतरवली, पण घात(क्ष, न // २) (क्ष हा पाया, न हा घातांक) हा कॉल दोनदा लिहून त्यांचाच गुणाकार केला. १.०००००१ चा दहा लाखावा घात काढला, उत्तर २.७१८ च्या आसपास, अगदी बरोबर. वेळ मात्र लागला, आणि त्याचं खापर लॅपटॉपवर! मी त्याला फंक्शनच्या पहिल्याच ओळीत कॉल मोजणारा काउंटर लावायला सांगितला. आकडा आला २०,९७,१५१. घातांक एकेकाने कमी करत गेलं तरी १०,००,००१ कॉल पुरले असते. मग त्याने निम्म्या घाताचं उत्तर आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि त्याचा वर्ग केला. काउंटर २१ वर थांबला. उत्तर बरोबर येतंय म्हणून कोड बरोबर आहे असं मी धरत नाही, ते यामुळेच.

निम्मं करताना तिरकी रेघ दोनदा द्या. एकच दिलीत तर ७ चे ३.५ होतात आणि गाडी शून्यावर थांबत नाही.

एकेकाने उतरणारं फंक्शन १००० व्या घाताला रिकर्शन-एरर देऊन पडतं, कारण एकात एक किती कॉल चालतील याची पायथॉनची मर्यादाच मुळात १००० आहे. ती वाढवून मोकळं होणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. बेस केस चुकलेलं फंक्शन मग नुसती मेमरी खात सुटतं. निम्मं करायची रीत शिका, मर्यादेला हात लावावा लागणार नाही.

ऋण घातांक तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. पायथॉनमध्ये -१ // २ चं उत्तर पुन्हा -१, म्हणजे फंक्शन तिथेच अडकलं. घातांक ऋण असेल तर सुरुवातीलाच त्याचं चिन्ह बदलून १ भागिले येणारं उत्तर परत द्या. पाया ० असेल तर शून्याने भागल्याची एरर येईल. ती येऊ द्या, दाबू नका.