आयर्विन पुलाची पाणीपातळी अर्डुइनोच्या ॲरेमध्ये कशी भरावी

पावसाळा लागला की सांगलीत सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला पाणी किती फुटांवर?" आयर्विन म्हणजे इथला कृष्णेवरचा पूल. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. म्हणून फाइलमधले आकडे मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपवरच्या छोट्या संगणकावर) वाचायला शिकायचं असेल, तर मी हीच नोंद घ्यायला सांगतो. ओळखीचा आकडा चुकला की बघताक्षणी खटकतो.

सामान थोडंच लागतं: अर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड), एसडी कार्ड मॉड्यूल, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेलं कार्ड आणि वायरी.

आधी हिशोब

कोड लिहिण्याआधी कागद घ्या. उनोची रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. त्यातले ५१२ बाइट एसडीची लायब्ररी आपल्या बफरसाठी (वाचलेलं तात्पुरतं ठेवण्याच्या जागेसाठी) अडवते. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. रोजची एक नोंद, उनोवर एका इंटला (पूर्णांकाला) २ बाइट, म्हणजे २४४ बाइट. आरामात बसतं. दर तासाची नोंद ठेवायची म्हटली तर २९२८ आकडे, ५८५६ बाइट. हे उनोत मावणारच नाही. अशा वेळी फाइल तासातासाचीच असू द्या, पण एकेक ओळ वाचत पुढे जा आणि ॲरेत (रॅममधल्या क्रमांकवार घरांच्या रांगेत) त्या दिवसाची सर्वांत जास्त पातळी तेवढी ठेवा. अख्खी फाइल रॅममध्ये ओढण्याचा हट्ट सोडला की निम्मं काम झालं.

मग फाइल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपण बोलताना "पंचेचाळीस दहा" म्हणतो, तेव्हा ते ४५ फूट १० इंच असतं. ते फाइलमध्ये ४५.१० असं लिहिलं की मशीन त्याला ४५.१ समजतं. १० इंचांचा दशांश झाला आणि पाणी जवळजवळ ९ इंचांनी उतरलं! म्हणून फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवा. ओळीत तीनच आकडे: दिवसाचा क्रमांक, फूट, इंच, मध्ये स्वल्पविराम. ॲरेत सगळं इंचांत भरा. ४५ फूट म्हणजे ५४० इंच, पूर्णांक, इंटमध्ये सहज बसणारा. फ्लोटला (दशांश आकड्याला) दुप्पट जागा लागते आणि इथे त्याची गरजच नाही.

आकडे इंग्रजीच टाइप करा. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. फाइल उघडली की सगळं नीट दिसायचं, ॲरेत मात्र सगळीकडे शून्य. आकडे देवनागरीत होते आणि मजकुराचा आकडा करणाऱ्या ॲटॉय (atoi) फंक्शनला ते कळत नाहीत. दुसरी खोड एक्सेलची: स्वल्पविरामांची फाइल (सीएसव्ही) 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली की फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट चिकटतात आणि पहिली ओळ वाया जाते. साधा सीएसव्ही निवडा. फाइलचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत ठेवा. शेवटच्या ओळीनंतर एक एंटर द्या.

जोडणी

मॉड्यूलवरची मोसी (MOSI) पिन उनोच्या ११ ला, मिसो (MISO) १२ ला, क्लॉक (SCK) १३ ला, चिप सिलेक्ट (CS) १० ला. कार्ड ३.३ व्होल्टचं असतं, त्यामुळे लेव्हल शिफ्टर (उनोचे ५ व्होल्ट ३.३ वर आणणारा भाग) असलेलंच मॉड्यूल घ्या.

वाचन

१२२ घरांचा इंट ॲरे घ्या आणि सगळ्या घरांत आधी -१ भरा. नोंद नसलेला दिवस त्यावरून ओळखता येतो. कार्ड सुरू करा, फाइल उघडा. उघडली नाही तर तिथेच थांबून सिरियल मॉनिटरवर (संगणकावरच्या अर्डुइनोच्या खिडकीत) तसं छापा.

आता ३२ बाइटचा कॅर (char, म्हणजे अक्षरांचा) ॲरे घ्या आणि रीड-बाइट्स-अनटिल (readBytesUntil) वापरून ओळ संपेपर्यंतची अक्षरं त्यात घ्या. जास्तीत जास्त ३१ घ्या, कारण मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट हे फंक्शन शेवटी टाकत नाही, तो आपण टाकायचा. ते विसरलं की आधीच्या ओळीचं शेपूट नव्या ओळीला लागतं. स्ट्रिंग क्लास (मजकुरासाठीचा तयार प्रकार) इथे टाळा, एवढ्याशा रॅमचे त्याने तुकडे पडतात.

ओळीचे तुकडे करणाऱ्या स्ट्रटॉक (strtok) फंक्शनने ओळ स्वल्पविरामांवर तोडा, प्रत्येक तुकडा ॲटॉयला द्या. स्ट्रटॉक रिकामा रकाना गिळून टाकतं, मग इंच फुटांच्या जागी सरकतात. म्हणून तीन तुकडे मिळाले नाहीत तर ती ओळ सोडून द्या.

घरात आकडा टाकण्याआधी दिवस १ ते १२२ मध्येच आहे ना, हे तपासा. ही एक ओळ कधीही गाळू नका. मर्यादेबाहेर लिहिलं तरी उनो तक्रार करत नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी व्हेरिएबलवर लिहून मोकळा होतो. तपासलं की फूट गुणिले १२ अधिक इंच, आणि हा आकडा घरातल्यापेक्षा मोठा असेल तरच ठेवा. पहिला दिवस ० क्रमांकाच्या घरात जातो, हे लक्षात असू द्या.

फाइल बंद करा. किती ओळी घेतल्या, किती सोडल्या आणि ५४० किंवा त्याहून जास्त किती दिवस, हे तीन आकडे छापा आणि वहीतल्या नोंदीशी ताडून बघा. सोडलेल्या ओळी शून्याहून जास्त असतील, तर कोडला हात लावण्याआधी फाइल उघडून त्याच ओळी वाचा.