मिररलेसवर मॅचचे फोटो धूसर येतायत? नवी लेन्स घ्यायच्या आधी या चुका टाळा

शनिवार-रविवारी पुण्यात कॅमेरा घेऊन बाहेर पडलं की कुठे ना कुठे काहीतरी चालू असतंच, एसपी कॉलेजच्या ग्राउंडवर क्रिकेट, बालेवाडीला कसली तरी स्पर्धा, एखाद्या मंडळाची रात्रीची कबड्डी, आणि हल्ली सगळीकडे दोन-चार जण तरी मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) गळ्यात अडकवून कडेला उभे दिसतात. घरी येऊन फोटो उघडले की मात्र ढीगभर फोटोंत धड असे मोजकेच निघतात आणि मग निष्कर्ष ठरलेला असतो, लेन्स भंगार आहे, सत्तर-दोनशे (७०-२०० एमएमची महागडी झूम) घ्यायला पाहिजे. थांबा जरा. एवढा खर्च करायच्या आधी तो खराब फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम करून बघा, कारण धूसर म्हणजे नेमकं कसं धूसर, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

खेळाडूचे हात, बॅट, चेहरा फासल्यासारखा झालाय पण मागचा साइडस्क्रीन कडक शार्प आहे, म्हणजे शटर स्पीड कमी पडला, शटर जास्त वेळ उघडं राहिलं. सगळी फ्रेमच एका दिशेला ओढली गेलीये, म्हणजे तुमचा हात हलला. बॅट्समन मऊ आणि मागचा कीपर शार्प, म्हणजे फोकस चुकला. आणि कुठेच काही शार्प नाही, कडा पाण्यातून बघितल्यासारख्या लहरी, तर ते एप्रिल-मेचं ऊन आहे. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा हलत असते आणि लांबच्या लेन्सने बाउंडरीवरून पिचकडे बघताना ती सगळी मधे येते, यावर दोन लाखांची लेन्ससुद्धा काही करू शकत नाही. अशा वेळी जवळच्या फिल्डरचे फोटो काढा, नाहीतर सकाळी नऊच्या आत या. आपल्याकडे उन्हाळी शिबिरांच्या मॅचेस नेमक्या भर दुपारी ठेवतात त्याला आपण काय करणार.

शटर स्पीडची कंजुषी

सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. कॅमेरा ऑटोवर किंवा पी मोडवर (तोही जवळपास ऑटोच) असला की तो बिचारा बऱ्याचदा १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास थांबतो, कारण त्याला वाटतं घरातल्या वाढदिवसाचा फोटो काढताय. आता हिशोब करा, ताशी २५ किलोमीटरने पळणारा माणूस सेकंदाला साधारण ७ मीटर जातो, म्हणजे १/२५० ला शटर उघडं असताना तो जवळपास ३ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो आणि १/१००० ला फक्त ७ मिलीमीटर, आणि हे झालं नुसतं धड, हातपाय त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात चालतात. त्यामुळे फुटबॉल, हॉकी, कबड्डीला १/१००० च्या खाली जाऊच नका, बॅडमिंटन आणि फास्ट बोलिंगला १/१६०० किंवा १/२००० ठेवा.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं की माझ्या बॉडीत (म्हणजे कॅमेऱ्यात) पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे. असू दे की. ते तुमचा हात सांभाळतं, समोर पळणाऱ्या पोराला नाही.

मोड कुठला ठेवायचा तर मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ. शटर आणि अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड) आपण पक्कं करायचं, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) कॅमेऱ्याला ठरवू द्यायचा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं, डायल अंगठ्याखाली ठेवायचं. ढग आले गेले तरी हात लावावा लागत नाही. ऑटो आयएसओची वरची मर्यादा मात्र बघून घ्या, बऱ्याच बॉडींवर ती आधीपासूनच ६४०० वगैरे लावलेली असते आणि रात्री ती मर्यादा गाठली की पुढचे सगळे फोटो काळे. आयएसओला घाबरणारी मंडळी पण खूप आहेत, १६०० च्या वर जायचंच नाही असा पण केलेला असतो आणि मग काळपट फोटो लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उजळवतात, तेव्हा जे दाणे वर येतात ते सरळ ६४०० ला नीट एक्स्पोज केलेल्या फोटोपेक्षा कमी तर नसतातच, बऱ्याचदा जास्तच दिसतात. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत.

रात्रीच्या मॅचला अजून एक भानगड, मागे काळोख आणि पुढे फ्लडलाइटमधला खेळाडू असला की कॅमेरा तो काळोख उजळायला जातो आणि चेहरे पांढरेफटक होतात. त्या डायलवर मायनस ०.७ किंवा मायनस १ करून टाका. पांढऱ्या कपड्यांतल्या क्रिकेटला बॅट्समनने फ्रेम भरली तर उलटं, कपडे राखाडी येतात, तिथे थोडं प्लस.

फोकस नगरसेवकाच्या फ्लेक्सवर

मिररलेसचं आय-ऑटोफोकस (डोळा शोधून त्यावर फोकस लावणारं) भारी आहे यात वाद नाही, पण त्याला खेळाडूचा डोळा आणि फ्लेक्सवरचा डोळा यातला फरक कळेलच असं नाही. मंडळाच्या कबड्डीला मैदानाच्या तिन्ही बाजूंना हार्दिक शुभेच्छांचे फ्लेक्स असतात, त्यावर हात जोडलेले पंधरा-वीस हसरे चेहरे, सगळे समोर बघणारे आणि छान उजेडातले. चढाईला आलेला पोरगा खाली वाकलेला, घामाने केस कपाळावर, तोंड बाजूला वळलेलं. वाइड एरिया ठेवून सगळं कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो सोपा चेहरा पकडणार, आणि अण्णासाहेब एकदम शार्प, चढाई धूसर.

उपाय असा की फोकस एरिया पूर्ण फ्रेमवर न ठेवता झोन किंवा छोट्या चौकटीचं ट्रॅकिंग घ्या, ती चौकट आधी चढाईपटूच्या छातीवर टेकवा, मग बटण अर्धं दाबून त्याच्या मागे जा. सब्जेक्ट डिटेक्शन माणसावर आहे ना तेही बघून घ्या, आदल्या आठवड्यात पाषाणला पक्ष्यांचे फोटो काढून आलेला माणूस सेटिंग तसंच ठेवतो आणि मग कॅमेऱ्याच्या नावाने खडे फोडतो.

आणि हे सगळं एएफ-सी (सतत फोकस बदलत राहणारा मोड) वरच, कॅननवाल्यांनी सर्वो म्हणायचं. एएफ-एस ला एकदा फोकस लागला की तो तिथेच अडकून राहतो, तोवर समोरचा दोन पावलं पुढे. यात अजून एक खोलातली गोष्ट आहे जी मेनूत दडलेली असते. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपऱ्यातला बचावपटू तुमच्या आणि त्याच्या मधून धावतो, तेव्हा कॅमेऱ्याने जुन्याला चिकटून राहायचं की जो पुढे आला त्याच्यावर उडी मारायची हे ठरवता येतं. सोनीच्या बऱ्याच बॉडींत त्याला १ ते ५ आकडा असतो, १ म्हणजे चिकटून राहा, ५ म्हणजे लगेच बदल, निकॉनमध्ये ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स नावाने बघा, कॅननमध्ये वेगवेगळ्या केस दिलेल्या असतात. कबड्डी, फुटबॉल अशा गर्दीच्या खेळाला चिकटण्याकडे कल ठेवा. टेनिसला एकच माणूस असतो समोर, तिथे मधलं सेटिंग पुरतं.

बर्स्टमधला (बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंतला) पहिला फोटो शार्प आणि पुढचे हळूहळू मऊ होत गेलेत असं दिसलं तर दोन कारणं तपासा. एक म्हणजे कॅमेरा रिलीज प्रायॉरिटीवर असेल, म्हणजे फोकस लागो न लागो क्लिक करणार. दुसरं, काही स्वस्त बॉडींवर सगळ्यात वेगवान बर्स्टला फोकस पहिल्या फ्रेमलाच लॉक होतो, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं, मॅन्युअलमध्ये शोधावं लागतं. एक पायरी खालचा बर्स्ट घ्या. वेगवान बर्स्टला काही बॉडींवर व्ह्यूफाइंडरमध्ये आत्ताचं दृश्य नाही तर नुकताच काढलेला फोटो दिसत असतो, म्हणून तुम्ही खेळाडूच्या कायम जरासे मागे राहता, तिथेही हाच उपाय.

हॉलमधले पट्टे आणि वाकलेली रॅकेट

बॅडमिंटनचे पहिले नियम १८७० च्या दशकात पुण्यात बसले असं सांगताना आपली कॉलर ताठ होते, पण हॉलमधल्या दिव्यांबद्दल न बोललेलं बरं. फोटोवर आडवे पट्टे येतात, एक पिवळट एक निळसर, किंवा एकाच बर्स्टमधला एक फोटो उजळ आणि पुढचा अंधारा. कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/१६०० च्या शटरला बरोबर कळतं.

यातच सायलेंट मोड चालू ठेवला असेल तर मग विचारूच नका. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, त्यात सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो आणि साध्या सेन्सरला अख्खी फ्रेम वाचायला १/३० सेकंदाच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. शटर स्पीड १/२००० दाखवत असला तरी वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात एवढं अंतर पडतं, तेवढ्यात दिवा दोन-तीनदा कमी-जास्त होऊन जातो आणि स्मॅश मारणारी रॅकेट केळ्यासारखी वाकते. मेकॅनिकल शटरचा पडदा हेच काम १/२०० च्या आसपास उरकतो. म्हणून हॉलमध्ये मेकॅनिकल शटर, आणि मेनूतलं अँटी-फ्लिकर चालू. अँटी-फ्लिकर दिव्याचा उजेड जास्त असतो तो क्षण गाठून क्लिक करतं, बर्स्ट थोडा अडखळतो पण फोटो सारखे येतात.

महागड्या स्टॅक्ड (खूप वेगाने वाचणाऱ्या) सेन्सरवाल्या बॉडींना वाकण्याचा त्रास नगण्य असतो, सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्रीत तर ग्लोबल शटर आहे, सगळ्या ओळी एकदम. पण आपण हौशी माणसं, आपल्या बजेटमध्ये बघायचं तर विकत घेताना एवढंच विचारा की मेकॅनिकल शटर आहे का. व्लॉगिंगसाठी बनवलेल्या काही बॉडींना ते नसतंच, सोनीचा झेडव्ही-ई१० टू त्यातलाच, व्हिडिओला झकास पण या हॉलमध्ये पट्टे आणणार म्हणजे आणणार.

फ्लॅश लावायचा विचार मनातही आणू नका, शटलवर नजर असलेल्या पोराच्या डोळ्यात उजेड मारलात तर अंपायरच्या आधी त्याची आई तुमच्याकडे येईल.

आता लेन्सचं. किटसोबत येणारी ५५-२१० वगैरे झूम दिवसा मैदानावर अगदी कामाची आहे, पण लांबच्या टोकाला ती एफ ६.३ च्या आसपास जाते आणि हॉलमध्ये मान टाकते. सत्तर-दोनशे एफ २.८ चं स्वप्न बघण्याआधी ८५ एमएम एफ १.८ चा विचार करा, एफ ६.३ पेक्षा तिच्यातून बारा पट उजेड आत येतो, म्हणजे जिथे झूमला आयएसओ २०,००० लागला असता तिथे हिला १६०० पुरतो, आणि क्रॉप (छोट्या) सेन्सरवर ती जवळपास १२८ एमएमसारखी दिसते, कोर्टाच्या कोपऱ्यात बसून अख्खा खेळाडू बरोबर मावतो. झूम नाही म्हणून थोडी कुरकुर होईल. सत्तर-दोनशे लागलीच तर त्या दिवसापुरती भाड्याने घ्या, पुण्यात सहज मिळते.

बटण दाबून धरायची सवय

सेकंदाला बारा फ्रेमचा बर्स्ट मिळाला की लोक चढाई सुरू झाल्यापासून बोट उचलतच नाहीत. चढाई ३० सेकंदांची असते. ३० एमबीची रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल धरली तर सेकंदाला ३६० एमबी झाले, साध्या यूएचएस-वन कार्डाची कागदावरचीच कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे, मग काही सेकंदांत बफर (कार्डावर जायच्या आधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) भरतो आणि नेमकी पकड होते तेव्हा कॅमेरा अडकत अडकत एखादा फोटो देतो. त्यामुळे छोटे छोटे बर्स्ट मारा, चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत गेला की एक, बचावपटूचा हात घोट्याकडे गेला की एक. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला १७०-२०० आकडा वाचायचा वेग असतो, लिहायचा नाही, तुम्हाला व्ही३० किंवा व्ही६० (लिहायच्या किमान वेगाची खूण) बघायचंय, आणि कॅमेऱ्याचा स्लॉटच यूएचएस-वन असेल तर महागाचं यूएचएस-टू कार्ड घेऊन बर्स्टला काडीचा फायदा नाही. कॉम्प्रेस्ड रॉ किंवा सरळ जेपेग केलंत तरी बफर बराच वेळ टिकतो.

ऐनवेळी कॅमेरा डोळ्याला लावला आणि व्ह्यूफाइंडर काळा, हाही नेहमीचा अनुभव. पॉवर सेव्हची वेळ वाढवा आणि बॉलर रनअपला निघाला की बटण हलकेच दाबून कॅमेरा जागा ठेवा. यात बॅटरी जाते, मिररलेसला दुसरी बॅटरी खिशात पाहिजेच.

कुस्तीच्या मैदानात लाल मातीत लेन्स बदलायची हौस टाळा. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने लेन्स काढली की बऱ्याच बॉडींत सेन्सर उघडाच असतो, आणि वर पैलवान मूठभर माती उडवतायत, हलगी वाजतीये, मागून कोणीतरी धक्का देतंय. काय लावायचं ते घरून लावून निघा. गादीवरच्या कुस्त्यांना हा प्रश्न नाही.

आणि बसा. शब्दशः खाली बसा, उभं राहून काढलेल्या फोटोत खेळाडूच्या मागे फक्त गवत आणि पार्क केलेल्या अ‍ॅक्टिव्हा येतात. गुडघ्यावर बसलं की चेहरा दिसतो आणि मागचं सगळं लांब जाऊन विरघळतं. ऊन पाठीशी येईल अशी बाजू आधी फिरून बघा, लहान पोरांची मॅच असेल तर कोचला आणि पालकांना विचारून घ्या, आणि गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमला तिकीट काढून मोठी लेन्स घेऊन जायच्या फंदात पडू नका, गेटवरच अडवतील आणि मग ती बॅग ठेवायची कुठे हा वेगळाच प्रश्न.