बँड पथकासाठी मुलाचे वाद्य निवडताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि तेव्हा स्वातंत्र्यदिनाचे संचलन जेमतेम दोन महिन्यांवर आलेले असते. बँड पथकात नवीन मुले घ्यायची, त्यांना वाद्ये द्यायची आणि १५ ऑगस्टला मैदानावर उभे करायचे, हे सगळे या साठ दिवसांत बसवावे लागत असल्यामुळे शिक्षक साहजिकच दहावी होऊन गेलेल्या मुलांच्या रिकाम्या जागा आधी भरतात. पाचवी-सहावीतल्या मुलाला कोणते वाद्य मिळाले हे मग त्याच्या ओठांवर, बोटांवर किंवा ओढीवर ठरत नाही. कपाटात काय उरले होते यावर ठरते. माझ्या मुलीच्या हाती अशीच एक पाश्चात्त्य पद्धतीची आडवी फ्लूट आली. सांगलीतल्या आमच्या घरात ती तीन महिने रोज फुंकत राहिली, हवेच्या फुसफुशीखेरीज काही निघाले नाही, चक्कर मात्र येत राहिली, आणि आपल्याला संगीतातले काही जमत नाही असे तिने मनाशी पक्के केले. पुढे एका ओळखीच्या वादकाने क्लॅरोनेट तिच्या ओठांना लावून पाहिली आणि पाव तासात तिचा पहिला स्वर निघाला. उणीव तिच्यात नव्हती, निवडीत होती, आणि ती निवड आम्ही पालकांनी तपासून पाहिलीच नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट अशी की शाळेच्या संगीत किंवा क्रीडा शिक्षकांना जूनमध्येच भेटावे आणि मुलाला १५ ऑगस्टऐवजी २६ जानेवारीच्या संचलनासाठी तयार करता येईल का, असे नम्रपणे विचारावे. मधले सात महिने हा फुंकवाद्याच्या प्राथमिक तयारीसाठी रास्त काळ आहे. साईड ड्रमवर दोन महिन्यांत साधा संचलनाचा ठेका बसू शकतो. ट्रम्पेटवर किंवा क्लॅरोनेटवर दोन महिन्यांत सुरेल चाल वाजवणे बहुतेक मुलांना जमत नाही, आणि जमले नाही म्हणून ते मूल त्या वाद्याला नालायक ठरत नाही.

त्याच भेटीत शाळेकडे कोणत्या प्रकारचे पथक आहे हेही समजून घ्यावे, कारण निवड त्या चौकटीतच करायची असते. अनेक शाळांत साईड ड्रम, बेस ड्रम, झांज, ट्रँगल आणि बिगुल एवढाच संच असतो. काही ठिकाणी ट्रम्पेट, क्लॅरोनेट, सॅक्सोफोन, युफोनियम (खर्जाचे मोठे पितळी वाद्य) असा ब्रास बँड असतो, तर काही ठिकाणी बॅगपाईप असतात. ज्या शाळेत चारच प्रकारची वाद्ये आहेत तिथे मुलाला सॅक्सोफोनची स्वप्ने दाखवण्यात अर्थ नाही. पण त्या चारांतले कोणते, हा प्रश्न मात्र पूर्ण गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

यानंतर मुलाला वाद्ये ऐकू द्यावीत, आणि ऐकताना ती दिसू देऊ नयेत. पितळेची चकाकी आणि ड्रमचा रंगीत पट्टा यांचा मोह मुलांना फार लवकर पडतो. शिक्षकांच्या किंवा मोठ्या मुलांच्या मदतीने मुलाला पाठमोरे उभे करावे, एकेक वाद्य त्याच्या मागे वाजवून घ्यावे आणि कोणता आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो एवढेच विचारावे. दोन-तीन दिवसांनी हाच प्रयोग क्रम बदलून करावा. दोन्ही वेळा एकाच आवाजाकडे बोट गेले, तर ती ओढ खरी मानायला हरकत नाही. मोबाईलवर ऐकवून हे काम भागत नाही, कारण त्याच्या छोट्या स्पीकरमधून बेस ड्रमचा आणि युफोनियमचा खर्ज जवळजवळ गळून जातो आणि ती वाद्ये मुलाला उगीचच निस्तेज वाटतात. आपल्या भागात प्रत्यक्ष ऐकण्याची संधी भरपूर मिळते. लग्नसराईतली वरात असो की गणपतीची मिरवणूक, मुलाला बँडच्या बाजूने दहा मिनिटे चालू द्यावे आणि त्याचे लक्ष कुणाकडे वळते ते पाहावे.

ओढ कळली की शरीराकडे वळावे. फुंकवाद्यांच्या बाबतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत दुर्लक्षित राहतो. बिगुल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम या पितळी वाद्यांत आवाज ओठांच्या कंपनातून निर्माण होतो. मुलाला ओठ हलकेच मिटून, गाल न फुगवता, मधमाशीसारखा आवाज काढायला सांगावा आणि तो जमला की फक्त माउथपीस ओठांना लावून तेच करायला सांगावे. काही मुलांना हे पहिल्याच दिवशी जमते, काहींना आठवडा लागतो. आठवड्याभरातही ओठ थरथरत नसतील तर दुसऱ्या गटातले वाद्य आधी करून पाहावे. फ्लूटमध्ये हवा भोकाच्या कडेवर नेमक्या कोनात आदळावी लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून घुमता आवाज काढता येतो का, ही तिची घरगुती चाचणी आहे. माझ्या मुलीला बाटलीवरही आवाज काढता येत नव्हता, हे आम्ही तेव्हाच पाहिले असते तर तिचे तीन महिने वाचले असते. फुंकताना चक्कर आली तर मुलाला लगेच बसवावे. सुरुवातीला मुले गरजेपेक्षा जास्त हवा सोडत राहतात म्हणून असे होते. पण आठवडे उलटूनही चक्कर थांबत नसेल तर ते वाद्य बाजूला ठेवावे.

क्लॅरोनेटमध्ये वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात, खालचा ओठ खालच्या दातांवर ओढून घ्यावा लागतो आणि माउथपीसला बांधलेली वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, थरथरून आवाज निघतो. त्यामुळे पुढचे दुधाचे दात हलत असतील तर ते पडून नवे येईपर्यंत थांबणे बरे. बहुतेक मुलांचे वरचे चारही पुढचे कायमचे दात नवव्या वर्षाच्या सुमारास आलेले असतात. दुसरी अट बोटांची. क्लॅरोनेटवरची उघडी छिद्रे बोटाच्या गादीने पूर्ण झाकली गेली पाहिजेत, कारण केसाएवढी फट राहिली तरी स्वर किंचाळतो. वाद्याचा भार उजव्या अंगठ्यावर येतो, हेही सडपातळ मुलांच्या बाबतीत पाहून घ्यावे. आल्टो सॅक्सोफोनचे वजन साधारण अडीच किलो असते आणि ते गळपट्ट्यावर पेलायचे असते. ट्रॉम्बोनची सरकनळी सातव्या, म्हणजे सर्वांत लांबच्या स्थानापर्यंत नेण्याइतका हात लांब असावा लागतो, म्हणून ते वाद्य सहसा थोड्या मोठ्या मुलांना द्यावे. दातांना तारा बसवल्या असतील किंवा बसवायच्या असतील, तर पितळी वाद्य ठरवण्यापूर्वी दंतवैद्यांना विचारावे, आणि दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तो न विचारताच मुलाला फुंकवाद्यापासून दूर ठेवणे मात्र अन्यायाचे होईल.

बिगुलाबद्दल थोडे वेगळे लिहिले पाहिजे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरांतून माणसे सैन्यात गेलेल्या गावांमध्ये मुलांच्या मनात बिगुलाला जी जागा आहे ती इतर कोणत्याही वाद्याला नाही, आणि ती भावना जपण्यासारखी आहे. बिगुलाला कळा नसतात. नळीतून नैसर्गिकरीत्या उमटणारे मोजके स्वरच त्यावर वाजतात आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचे सारे काम ओठांनी करायचे असते. त्यामुळे तो दिसायला सोपा आणि वाजवायला कठीण आहे. मात्र ज्या मुलाचे ओठ बिगुलावर तयार झाले, त्याला पुढे ट्रम्पेटच्या तीन कळा शिकणे पुष्कळच सोपे जाते. बॅगपाईपची वाटही अशीच पायरीची असते: पिशवीला हात लावण्यापूर्वी काही महिने नुसत्या चँटरवर, म्हणजे बोटांच्या छिद्रांच्या नळीवर, नऊ स्वरांची बोटे बसवावी लागतात, आणि हा धीर मुलाकडे आहे का हे आधी पाहावे.

आता ड्रम. फुंकवाद्य जमले नाही म्हणून ड्रम, ही समजूत मला फार खटकते. पथकाची पावले बेस ड्रमवर पडतात. तो अर्धा क्षण मागे पडला तर पुढे झेंडा घेऊन चालणाऱ्या मुलांपर्यंत सगळी रांग विस्कटते. संचलनाची गती साधारणपणे मिनिटाला १२० पावलांची असते. घड्याळ लावून मुलाला या गतीने अंगणात दोन मिनिटे चालायला सांगावे, मग प्रत्येक पावलाला एक टाळी आणि नंतर प्रत्येक पावलाला दोन टाळ्या वाजवायला सांगाव्यात. टाळ्या दुप्पट होताच पावलांचीही घाई झाली, तर लयीची तयारी अजून हवी आहे असे समजावे. आपल्याकडच्या मुलांच्या कानावर हलगी, घुमके आणि कैताळ लहानपणापासून असतात आणि त्यांची लय बहुधा चांगली असते. अडचण येते ती दोन्ही हात सारखे चालवण्यात. डावा हात उजव्याइतकाच स्पष्ट पडेपर्यंत साईड ड्रमवर घाई करू नये. उंचीही पाहावी, कारण गुडघ्याला आपटणारा ड्रम किंवा समोरचा रस्ता झाकणारा बेस ड्रम घेऊन मूल पाऊणतास चालू शकत नाही. मुलींना ड्रम नको, असे अजूनही काही घरांत म्हटले जाते. मुलींची स्वतंत्र पथके राष्ट्रीय पातळीवरच्या शालेय बँड स्पर्धेत उतरतात, एवढे त्यांना जरूर सांगावे.

निवड शेवटी घरात टिकते की नाही यावर अवलंबून असते. रविवारी दोन तासांपेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव कितीतरी जास्त कामाचा असतो, आणि तो घराच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या वेळी होणार हे वाद्य ठरवण्यापूर्वीच बोलून घ्यावे. ड्रमचा सराव रबरी पॅडवर करता येतो आणि ट्रम्पेटला आवाज दाबणारा म्यूट लावता येतो. शेजारी बारावीचे मूल अभ्यासाला बसलेले असेल तर आपण आधी जाऊन वेळ विचारून घ्यावी. वाड्यात आणि सोसायटीत एवढ्या आपुलकीने पुष्कळ प्रश्न सुटतात.

घरी पेटी असेल तर पालकांचा एक गैरसमज हमखास होतो. नेहमीचे ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट अशा पट्टीत बांधलेले असतात की त्यांवर मुलाने पांढरी एकचा (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) म्हणून वाचून वाजवलेला स्वर पेटीच्या काळी पाचला (पाचव्या काळ्या पट्टीला) जुळतो. मूल बेसूर वाजवत नसते, वाद्याची पट्टीच तशी असते. पेटीवरच्या माणसाने काळी पाचचा सा धरावा, म्हणजे दोघांना एकत्र वाजवता येते.

शिकवणारा कोण, हा प्रश्न वाद्याइतकाच मोठा आहे. शाळेत तास कमी पडत असतील तर आपल्या शहरांतले आणि गावांतले लग्नाच्या बँडमधले वादक हे क्लॅरोनेट आणि ट्रम्पेटचे अनुभवी जाणकार असतात. त्यांच्याकडे मुलाला पाठवण्यात कमीपणा मानू नये आणि त्यांना योग्य मानधन द्यावे. पावसाळ्यात त्यांना लग्नाची कामे कमी असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ शिकवणीला सोयीचा पडतो. वाद्याची दुरुस्ती कुठे होते हेही त्यांनाच नेमके ठाऊक असते.

ऐकण्याच्या प्रयोगात एखाद्या मुलाचा कान कोणत्याच बँडच्या वाद्याकडे वळला नाही आणि तो तारांच्या आवाजाशीच थांबला, तर त्याला एकदा मिरजेला घेऊन जावे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि कारागीर जवारी लावत असताना, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून जुळवत असताना, शेजारी बसून ऐकणे हे लहान कानासाठी मोठे शिक्षण असते. अशा मुलाला पथकात ओढू नये.

खरेदी मात्र सर्वांत शेवटी करावी. पहिले सहामाही सत्र शाळेच्याच वाद्यावर काढावे आणि फक्त माउथपीस व रीड मुलाच्या स्वतःच्या असाव्यात, कारण या वस्तू सामायिक वापरणे आरोग्याला बरे नाही. माउथपीस आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावा. भारतात बँडची पितळी वाद्ये मोठ्या प्रमाणावर मेरठला, विशेषतः जली कोठी भागात बनतात आणि आपल्याकडच्या दुकानांतही ती मिळतात. जुने वाद्य घेताना ट्रम्पेटच्या तिन्ही कळा दाबून सोडल्यावर न अडखळता वर येतात का ते पाहावे, आणि क्लॅरोनेटची छिद्रे बोटांनी आणि खालचे टोक बंद करून दुसऱ्या टोकाने हळू फुंकावे. हवा कुठून गळत असेल तर कळांखालचे मऊ पॅड बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. ड्रमची कड वाकडी नसावी. पान फाटलेले असले तरी चालेल, ते बदलता येते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलाशी निवांत बोलावे. सुट्टीत कुणी न सांगता त्याने वाद्य किती वेळा हातात घेतले, हे आपल्याला ठाऊक असतेच. एकदाही घेतले नसेल तर शिक्षकांना सांगून वाद्य बदलून घ्यावे, आणि ओठ, बोटे किंवा लय यांपैकी जे तयार झाले आहे त्याचा उपयोग होईल असेच दुसरे निवडावे: बिगुलावरून ट्रम्पेट, क्लॅरोनेटवरून सॅक्सोफोन, साईड ड्रमवरून टेनर ड्रम. आणि त्याने ते रोज हातात घेतले असेल, तर त्याच आठवड्यात त्याच्या शिक्षकांना बरोबर घेऊन दुकानात जावे.