शहाण्याने कोर्टाची पायरी... इथे चढावी (यूकेत नवीन आलेल्यांसाठी)

दर सप्टेंबरला नवीन पोरंपोरी येतात, गणपतीला भेटतात आणि प्रश्न ठरलेले असतात, रूमचं भाडं किती, तूरडाळ कुठे स्वस्त, बँकेचं खातं कसं उघडायचं. पण एक प्रश्न चारचौघांत कोणी विचारत नाही, तो रात्री साडेअकराला मेसेजवर येतो. "ताई, एक पर्सनल होतं." कोणाचा नवरा हात उचलतो, कोणाचा घरमालक धमक्या देतो, कोणाच्या मागे कोणी लागलंय. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी वकील नाही, पंधरा-सोळा वर्षं इथे राहतेय आणि तीन-चार जणींबरोबर कोर्टात बसलेय एवढंच. आणि हे सगळं इंग्लंड-वेल्सचं आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

आधी माझंच सांगते, कारण मी सगळं चुकीचं केलं होतं. २०१० साली लंडनमधल्या हाउन्स्लोला रूम घेऊन राहत होते, ऑफिसातला एक जण रोज लिफ्ट द्यायचा, मी नको म्हटल्यावर त्याचं डोकं फिरलं, दिवसाला पन्नास मेसेज, मग घरासमोरच्या बसस्टॉपवर उभं राहणं, मग "तुझ्या घरच्यांना सांगेन तू इथे काय करतेस ते". मी काय केलं तर प्रत्येक वेळी हातापाया पडून उत्तर दिलं, मग घाबरून सगळे मेसेज डिलीट केले आणि सिम तोडून फेकलं. पोलिसांत गेले तेव्हा तिथली बाई शांतपणे म्हणाली, तुमच्याकडे दाखवायला काय आहे? काहीच नव्हतं! मग त्यानंतर जे जे घडलं ते मी आईने पाठवलेल्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहायला लागले, "संकष्टी" च्या खाली "६.४०, बसस्टॉप, निळं जॅकेट" असं. दीड महिन्याने त्याच पानांचे फोटो पोलिसांनी काढून घेतले. त्याला घरी जाऊन लेखी ताकीद दिली आणि प्रकार थांबला.

तर डिलीट करू नका. ब्लॉक करायचं तर आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नुसतं नाव नाही, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि ते एखाद्या विश्वासू माणसाला ईमेल करून ठेवा कारण फोन हिसकावला जाऊ शकतो. एकदाच, एका ओळीत, "मला संपर्क करू नको" लिहा आणि मग गप्प. वाद घालत बसलात तर समोरचा म्हणतो आमचं दोघांचं भांडण होतं.

कायदा काय म्हणतो? १९९७ चा छळविरोधी कायदा आहे, त्यात एकदा झालेली शिवीगाळ सहसा बसत नाही, असं वागणं निदान दोनदा व्हायला लागतं. म्हणून कॅलेंडरात तारखा लिहायच्या. जीवे मारण्याची धमकी मात्र एकदा दिली तरी गुन्हा होऊ शकतो, त्याचा कायदा १८६१ चा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तिथे "दारूच्या भरात बोलला असेल" म्हणून सोडून देऊ नका.

आत्ता धोका असेल तर ९९९, नंतर सांगायचं असेल तर १०१ किंवा पोलिसांची वेबसाइट. १०१ वर ताटकळत बसावं लागतं, तयारी ठेवा. ९९९ लावला आणि तो बाजूच्याच खोलीत आहे म्हणून बोलता येत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगेल तेव्हा ५५ दाबायचं, कॉल पोलिसांकडे जातो. पण ५५ ने तुमचा पत्ता आपोआप कळतो असं समजू नका, जमेल तसं खोकून, टकटक करून प्रश्नांना उत्तर द्या. आणि तक्रार नोंदवली की क्राइम रेफरन्स नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या, पुढे कौन्सिल (इथली नगरपालिका), वकील, ऑफिस सगळे तोच मागतात.

नवरा, बायको, एक्स, सासू-सासरे, दीर असा घरातलाच माणूस असेल तर फॅमिली कोर्टातून नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर, म्हणजे त्याने त्रास देऊ नये असा हुकूम, मिळते. इथे खरी गंमत आहे. आपल्याकडे म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, वर्षानुवर्षं तारखा, वकिलाची फी. इथे या अर्जाला कोर्टाची फी शून्य. फॉर्म एफएल ४०१, सोबत आपल्या शब्दांत काय काय घडलं ते, तारखांसकट. धोका मोठा असेल तर समोरच्याला न कळवता आधी ऑर्डर देतात आणि त्याला नंतर बोलावतात. नवीन पत्ता त्याला कळू द्यायचा नसेल तर अर्जात तो लिहू नका, सी ८ नावाचा वेगळा फॉर्म असतो त्यात लिहायचा. कोर्टात वेगळी वेटिंग रूम, मध्ये पडदा असं मागता येतं, पण आधी कळवावं लागतं. ऑर्डर त्याच्या हातात पडल्यावर त्याने मोडली तर तो गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. मी ज्यांच्याबरोबर गेले त्यातली एक तर बाहेर येऊन म्हणाली, एवढंच? मी दोन वर्षं याला घाबरत होते?

बाहेरचा माणूस असेल, कलीग, शेजारी, तर हा फॉर्म चालत नाही. तिथे पोलीस केस करतात, किंवा पाठलाग करणाऱ्याविरुद्ध पोलीसच २०१९ च्या कायद्याखाली कोर्टातून ऑर्डर मागतात.

आता व्हिसा. "तुझा व्हिसा कॅन्सल करीन" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. कॅन्सल फक्त होम ऑफिस (इथलं गृहखातं) करतं, नवरा नाही, सासू तर नाहीच. पण खोटा धीर देणार नाही, डिपेंडंट (नवऱ्याच्या व्हिसावर आलेली) असाल आणि नवऱ्याने नातं संपलं असं कळवलं तर होम ऑफिस मुदत कमी करू शकतं. त्यावर वाट आहे. नवरा ब्रिटिश किंवा इथला कायमचा रहिवासी असेल तर छळ सिद्ध झाल्यावर बायकोला कायमचा राहण्याचा हक्क मिळू शकतो, सुट्टी म्हणून भारतात नेऊन सोडून दिलं तरी तिथून अर्ज करता येतो. वर्क किंवा स्टुडंट व्हिसावाल्याची डिपेंडंट असाल तर फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिन्यांची तात्पुरती सवलत आहे, त्यात सरकारी मदतही मिळते, पण तीन महिन्यांनंतरचा रस्ता आपोआप मिळत नाही आणि आधीचा व्हिसा जातो. त्यामुळे हा अर्ज घाईत, ग्रुपवरच्या एखाद्या काकांच्या सल्ल्याने अजिबात करू नका. इमिग्रेशनचा सल्ला वकिलाने किंवा रजिस्टर्ड सल्लागारानेच द्यायचा असतो, बाकीच्यांनी तो उद्योग म्हणून दिला तर गुन्हा आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मात्र आजच आईला पाठवून ठेवा.

घरमालकाचं थोडक्यात. १९७७ चा कायदा आहे, भाडेकरूला त्रास देऊन हाकलणं किंवा कुलूप बदलणं गुन्हा आहे, पोलीस "सिव्हिल मॅटर" म्हणाले तर कौन्सिलला फोन करा. मालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहत असाल, आपले बहुतेक नवीन लोक तसेच राहतात, तर संरक्षण बरंच कमी असतं हे आधीच माहीत असू द्या.

आणि धमकी तुम्हाला नाही, सांगलीतल्या आईवडिलांना येत असेल तर? तिथल्या पोलीस ठाण्यात त्यांनीच तक्रार द्यावी, हद्द कुठली का असेना झिरो एफआयआर घ्यावा लागतो, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आहे. त्या तक्रारीची कॉपी इथल्या पोलिसांनाही द्या.

घरगुती छळासाठी चोवीस तास फुकट नंबर ०८०८ २००० २४७, पुरुषांसाठी ०८०८ ८०१ ०३२७ (हा चोवीस तास नाही). हो, पुरुषांनाही होतं, दोघांनी मला विचारलंय.

राहिलं दुभाष्याचं. पोलीस आणि कोर्ट दुभाषी फुकट देतात, तेव्हा मराठीच मागा. एका ओळखीच्या मुलीने संकोचाने "हिंदी चालेल" म्हटलं, आणि "अंगावर धावून आला" हे जबाबात "पळत आला" असं उतरलं. वाचून दाखवलं तेव्हा तिच्या लक्षात आलं म्हणून बरं, सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या. आणि नणंद "मी सांगते ना तुझ्या वतीने" म्हणत पुढे आली तर तिला खोलीबाहेर बसवायला सांगा.