सकाळी लवकर उठणे जड जाणाऱ्यांनी शरीराचे घड्याळ अलीकडे कसे आणावे

रात्री उशिरापर्यंत तरतरीत असणाऱ्या आणि सकाळी अंथरूण सोडताना जीव नकोसा होणाऱ्या माणसाला सहसा ‘मनावर घे’ एवढाच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे. झोपेची वेळ ठरवण्यात मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील एका छोट्या पेशीसमूहाचा मोठा वाटा असतो. या शरीरघड्याळाचा एक फेरा बहुतेक प्रौढांमध्ये २४ तासांहून किंचित मोठा असतो आणि रोजच्या प्रकाशामुळे तो दिवसाशी जुळत राहतो. कोणाचे घड्याळ उशिराकडे झुकलेले असेल हे बऱ्याच अंशी आनुवंशिकता आणि वय यांवर अवलंबून असते. किशोरवयात झोपेची वेळ उशिराकडे सरकते, तर उतारवयात ती पुन्हा अलीकडे येते. हे घड्याळ पूर्णपणे बदलता येत नाही, परंतु योग्य क्रमाने प्रयत्न केल्यास ते पुष्कळ सरकवता येते.

१. सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. बहुतेक जण पहिल्याच रात्री दोन तास लवकर आडवे होतात आणि कूस बदलत जागेच राहतात. यामागे कारण आहे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीरघड्याळ मेंदूला विशेष जागे ठेवते, म्हणून त्या वेळी झोप बोलावून येत नाही. त्याऐवजी आज ज्या वेळी सहज जाग येते ती वेळ लिहून ठेवावी, गजर तिच्या १५ ते २० मिनिटे आधीचा लावावा आणि दोन-तीन दिवसांनी, ती वेळ अंगवळणी पडल्यावरच, पुढची १५ मिनिटे कमी करावीत. रात्रीची झोप त्यामागोमाग थोडी थोडी लवकर येऊ लागते. मात्र एकूण झोप सात तासांपेक्षा कमी होऊ देऊ नये; बहुतेक प्रौढांना किमान तेवढी, तर किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते.

२. उठताच भरपूर प्रकाश घ्यावा. सगळ्या उपायांत हा सर्वांत प्रभावी आहे आणि नेमका हाच सर्वाधिक टाळला जातो. डोळ्यांच्या पडद्यावरील काही विशिष्ट पेशी प्रकाशाची नोंद थेट शरीरघड्याळाकडे पाठवतात. घरातील दिवे आपल्याला लख्ख वाटले तरी त्यांचा उजेड साधारणपणे काहीशे लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच असतो, तर ढगाळ दिवशीही दिवसा बाहेर हजारो लक्स प्रकाश मिळतो. म्हणून खिडकीजवळ बसण्यापेक्षा २० ते ३० मिनिटे बाहेर चालणे कितीतरी चांगले. सूर्याकडे थेट पाहण्याची मुळीच गरज नाही. बाहेर अंधार असेल तर उजाडेपर्यंत घरातील सर्व दिवे लावावेत. प्रखर प्रकाशाचे खास दिवेही मिळतात, मात्र डोळ्यांचा विकार किंवा द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावेत.

येथे वेळेचे भान ठेवणे फार आवश्यक आहे. आपोआप जाग येण्याच्या सुमारे दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान दिवसातील नीचांकावर असते. त्यानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, तर त्याआधी मिळालेला प्रकाश ते उलट उशिराकडे ढकलतो. ज्याला एरवी नऊ वाजता जाग येते, त्याने एकदम पाच वाजता उठून प्रखर उजेडात बसणे म्हणूनच अंगाशी येऊ शकते. वर सांगितलेली १५-१५ मिनिटांची संथ चाल या कारणासाठीही पाळावी.

३. संध्याकाळचा उजेड आणि उत्तेजके कमी करावीत. झोपेपूर्वीचे दोन तास दिवे मंद ठेवावेत आणि मोबाइल शक्यतो दूर ठेवावा, कारण या वेळचा तेजस्वी प्रकाश शरीराला रात्र झाल्याची खूण देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबवतो. कॅफीनचे अर्धे प्रमाण शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच अधिक. तेव्हा दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नये.

४. उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास रात्रीच आखून ठेवावा. जाग आल्यावर मेंदू लगेच पूर्ण सावध होत नाही. १५ ते ३० मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ, गुंगी राहते आणि या काळात घेतलेला ‘आणखी थोडे झोपू’ हा निर्णय विश्वासार्ह नसतो. म्हणून निर्णय घेण्याची वेळच येऊ देऊ नये. कपडे, पाणी, पिशवी आणि न्याहारीची तयारी रात्रीच करून ठेवावी आणि गजर अंथरुणापासून इतका दूर ठेवावा, की तो बंद करायला उठावेच लागेल. स्नूझच्या तुटक मिनिटांपेक्षा तेवढीच सलग झोप अधिक मोलाची असते, त्यामुळे खरोखर उठायचे आहे त्याच वेळेचा गजर लावावा. ही गुंगी काही वेळाने ओसरतेच, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतील कंटाळ्यावरून सगळ्या दिवसाचा अंदाज बांधू नये.

५. सुट्टीच्या दिवशीही फार उशिरा उठू नये. आठवडाभर सहाला आणि सुट्टीत दहाला उठणाऱ्याच्या शरीरावर दर आठवड्याला दूरचा विमानप्रवास करून आल्यासारखा ताण पडतो. संशोधक याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात. माझ्या मते सर्वाधिक लोकांचे प्रयत्न येथेच कोसळतात. सुट्टीतील सवलत फार तर एका तासाची असावी, आणि झोप अपुरी राहिली असल्यास दुपारी तीनच्या आत सुमारे २० मिनिटांची डुलकी घ्यावी.

एखादी रात्र जागरणात गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळेच्या आसपासच उठावे आणि पुढच्या रात्री खरी झोप येताच झोपावे. मात्र झोप अपुरी असताना वाहन चालवू नये. काही आठवडे हे सर्व नीट पाळूनही पहाटेपर्यंत झोप लागत नसेल, अथवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंग येत असेल, किंवा जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे जाणवत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. मेलाटोनिनच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण त्यांचा परिणाम त्या कोणत्या वेळी घेतल्या यावर बराच अवलंबून असतो.